१४ इंची ‘अस्सल लेदर’ ग्लोव्ह: फसवणूक नेमकी कुठे होते

जाहिरात अशी होती: ‘स्लो पिच सॉफ्टबॉल, १४ इंच, अस्सल लेदर, खेळायला एकदम तयार, नाव मोफत शिवून मिळेल.’ एका आउटफिल्डरने, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात झेल घेणाऱ्या खेळाडूने, पूर्ण पैसे आगाऊ भरून तो ग्लोव्ह (चेंडू झेलायचा हातमोजा) मागवला. आलेल्या मालाला टेप लावली तर तो पावणेतेरा इंच भरला. थोडे खेळल्यावर बोटे मागे लवू लागली आणि तळव्यावरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. तक्रार केली तर एका ओळीत उत्तर: नाव घातलेला माल परत घेतला जात नाही. या जाहिरातीतला जवळजवळ प्रत्येक शब्द सापळा आहे, म्हणून एकेक शब्द उसवून पाहू.

आधी १४ इंच. स्लो पिच म्हणजे हळू चेंडूफेकीचा सॉफ्टबॉल. त्यात पुरुषांच्या चेंडूचा घेर साधारण १२ इंच असतो, म्हणजे व्यास पावणेदहा सेंटिमीटरच्या आसपास. बेसबॉलचा व्यास जेमतेम साडेसात. शिवाय चेंडू कमान करून येतो आणि फलंदाज तो मनसोक्त उंच उडवतात. म्हणून मैदानावरच्या दहा जणांपैकी चौघे सहसा आउटफिल्डला असतात आणि त्यांना १३ ते १४ इंची ग्लोव्ह लागतो. इनफिल्डला, म्हणजे आतल्या भागात बेसजवळ, १२ ते १३ पुष्कळ झाले. तिथे त्याहून मोठा घेतला तर पॉकेटमधून (चेंडू बसतो त्या खोलगटातून) चेंडू काढायलाच वेळ जातो. १५ इंची ग्लोव्हही विकायला असतात, पण काही संघटनांच्या नियमांत उंचीला १४ इंचांची मर्यादा आहे. आपल्या लीगची नियमावली न बघता १५ इंची घेणारा स्वतःहूनच फसतो, त्यात विक्रेत्याचा दोष नाही.

माप घ्यायची रीत ठरलेली आहे. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यायची. तर्जनीच्या टोकापासून सुरू करून बोटाच्या आतल्या बाजूने, पॉकेटच्या खोलगटातून, थेट टाचेच्या, म्हणजे तळव्याच्या मनगटाजवळच्या जाड भागाच्या, खालच्या कडेपर्यंत ती ग्लोव्हला चिकटवून न्यायची. पाव इंच इकडेतिकडे चालते, कारण ताठ नवा ग्लोव्ह आणि मुरलेला ग्लोव्ह थोडे वेगळे भरतात. अर्ध्या इंचाची तफावत मात्र खपवून घेऊ नये. लबाड विक्रेता टेप मागच्या बाजूने, वेबिंगच्या (अंगठा आणि तर्जनीमधल्या जाळीच्या) वरच्या टोकापासून मनगटपट्टीच्या शेवटापर्यंत लावतो, आणि आकडा सहज इंचभर फुगतो. फोटोत टेप दिसते म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त होते. ती कुठून कुठे लावली आहे हे कोणी बघत नाही.

दुसरी खूण मॉडेल क्रमांकात असते. बऱ्याच उत्पादकांच्या क्रमांकात माप दडलेले असते: १२७५ म्हणजे १२.७५ इंच, १३०० म्हणजे १३ इंच. वर सांगितलेल्या ग्लोव्हवर अंगठ्याजवळचा छाप खरवडलेला होता, पण तिरप्या उजेडात धरल्यावर ‘१२७५’ स्पष्ट वाचता येत होते. म्हणजे तो बहुधा मुळात बेसबॉलचा आउटफिल्ड ग्लोव्ह. जाहिरातीतल्या सगळ्या फोटोंत अंगठ्याची ती बाजू खाली दाबलेली होती. तेव्हा फोटो मागताना अंगठा, करंगळी आणि तळव्यातला छाप यांचे जवळून काढलेले फोटो वेगळे मागा. ‘स्टॉक फोटो आहे, माल असाच येईल’ असे उत्तर आले की विषय संपवा.

खरे तर नुसत्या लांबीने काही साधत नाही. स्लो पिचच्या ग्लोव्हचे पॉकेट खोल असते, अंगठा आणि तर्जनीमधले अंतर जास्त असते आणि वेबिंगही त्या हिशेबाने रुंद. वेबिंगची वीण एच वेब असो, ट्रॅपीझ असो की बंद बास्केट, १२ इंची चेंडू त्यात बसून बोटांनी न दाबता थांबला पाहिजे. चेंडू ठेवा, ग्लोव्ह उलटा करा, हलकेच हलवा. बेसबॉलच्या ग्लोव्हमध्ये हा चेंडू अर्धा बाहेर राहतो आणि झेल घेताना वेबिंगच्या काठावर आपटून उडतो. खेळाडू बिचारा आपल्याच हातांना दोष देत बसतो.

उलटा प्रकारही होतो: फास्टपिचचा (वेगवान चेंडूफेकीच्या सॉफ्टबॉलचा) ग्लोव्ह स्लो पिच म्हणून गळ्यात मारणे. त्याचे पॉकेट ठीक असते, कारण चेंडू त्याच घेराचा. पण यातले बरेच ग्लोव्ह मुली-स्त्रियांच्या हातांसाठी बनतात, त्यांत बोटांच्या खोबणी आणि मनगटाची फट अरुंद असते. मोठ्या पंजाचा माणूस तो ‘सैल होईल’ म्हणून ठेवून घेतो. लांबी सैल होत नाही आणि शिवणही. तसेच ‘उजव्या हाताचा’ एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात जातो, आणि हा घोळ मुद्दाम मोघम ठेवून न खपलेला माल खपवला जातो. ‘फेकतो उजव्या हाताने, ग्लोव्ह डाव्या हातात’ असे पूर्ण वाक्य लिहून पाठवा.

आता ‘अस्सल लेदर’. यात खोटे काही नाही, म्हणूनच हा शब्द धोक्याचा. जनावराचे कातडे आडवे चिरले की वरचा थर घट्ट तंतूंचा आणि मजबूत निघतो; फुल ग्रेन आणि टॉप ग्रेन म्हणतात ते याच थराचे. खाली उरते ते स्प्लिट. त्याचे तंतू मोकळे असतात, म्हणून वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप देऊन त्यावर कातड्यासारखा दाणा छापतात. तेही कातडेच, म्हणून ‘अस्सल लेदर’ लिहायला कोणी अडवत नाही. ‘लेदर पाम’ ही त्याहून हुशारीची चाल. त्यात फक्त तळवा कातड्याचा, पाठ पूर्ण सिंथेटिक. बाँडेड लेदर तर कातड्याचा चुरा चिकटवून केलेले असते. पहिल्या पावसाळी सामन्यात त्याचा निकाल लागतो.

ओळखायचे कसे? वास घेऊ नका, वास फवारता येतो. पाण्याचा थेंबही भरवशाचा नाही, कारण तेल दिलेल्या उत्तम कातड्यावरही तो घरंगळतो. लेसच्या भोकांकडे बघा, कारण तिथे कड उघडी असते. चांगल्या कातड्यात पृष्ठभागापासून आतपर्यंत तंतूंची एकसंध घनता दिसते. लेप दिलेल्या स्प्लिटमध्ये वर पातळ, गुळगुळीत फिल्म आणि तिच्याखाली लोकरीसारखा भुसभुशीत थर दिसतो. नखाने कड हलकी उचलली तर फिल्म वेगळी होते. मग तळव्यावर अंगठा दाबा. खऱ्या पृष्ठभागावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात. प्लास्टिकवर खळगा पडतो, दाण्याची नक्षी सगळीकडे एकसारखी राहते.

मोठ्या ग्लोव्हमध्ये हा फरक जास्त का भोवतो? बोट जितके लांब, तितकी टोकावर बसणाऱ्या फटक्याची तरफ लांब. तोच हलका माल छोट्या ग्लोव्हमध्ये कसाबसा एक हंगाम काढतो, पण १४ इंचीमध्ये बोटे पंख्यासारखी मागे पडतात. टाचही दाबून पाहा. आत फेल्ट (दाबून केलेला नमदा) असेल तर ती हळूहळू दबते आणि आकार धरते. फोम असेल तर लगेच उसळते, आणि काही काळाने आतल्या आत भुगा होऊन तिथेच पोकळी पडते. लेस ओढून पाहा. कच्च्या चामड्याची, साधारण ३/१६ इंच रुंदीची लेस थोडी ताणली जाते. लेप दिलेली लेस वळणावर चिरते.

‘खेळायला एकदम तयार’ यामागे बहुतेक वेळा तेलाचे डबे असतात. ताठ माल भरपूर तेलात भिजवला की दुकानात तो मऊ लागतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण जास्तीचे तेल फेल्टमध्ये मुरते, ग्लोव्ह जड होतो, कातड्याचा कणखरपणा जातो आणि तो परत येत नाही. पांढरा सुती कपडा तळव्यावर घासा. तेलाचा डाग आला तर माल भिजवलेला आहे. रंग आला तर जुना ग्लोव्ह रंगवून, नव्या लेस ओवून नवा म्हणून विकला जातोय. अशा वेळी बोटांच्या आतले अस्तर बघा, घामाने काळवंडलेले अस्तर रंगात लपत नाही. चांगला मोठा ग्लोव्ह नवा असताना ताठच असतो. त्याला चेंडू झेलून, लाकडी मोगरीने पॉकेट ठोकून, चिमूटभर कंडिशनर लावून आणि रात्री चेंडू आत ठेवून पट्ट्याने बांधून मुरवावे लागते. ओव्हन किंवा मायक्रोवेव्हचे सल्ले देणाऱ्यांचे ऐकू नका, कातडे सुकून तडकते.

राहिले ते मोफत नाव. फसवणुकीची ही सगळ्यात सफाईदार पायरी, कारण इथे गिऱ्हाईक स्वतःच परतीचा हक्क सोडून देते. वैयक्तिक नाव घातलेला माल परत न घेण्याची अट अनेक विक्रेते ठेवतात, आणि ‘आम्ही मुरवून देतो’ या सेवेलाही तीच अट लागते. प्रामाणिक दुकानदार ही अट पैसे घेण्याआधी सांगतो. भामटा ती पावतीच्या मागे छापतो. ग्लोव्ह आधी साधा मागवा, तपासा, नाव नंतर कुठूनही शिवून घेता येते. ‘बाहेरून पैसे पाठवा, सूट देतो’ हे ऐकून विक्रीच्या मंचाबाहेर पैसे दिले तर तक्रार ऐकणाराही उरत नाही.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या: सील, लेबल, ग्लोव्ह, मग टेप लावलेले माप, मॉडेल छाप आणि लेसच्या भोकाची कड. तोवर चेंडू झेलू नका, तेलाचे बोट लावू नका, टॅग कापू नका. माल वेगळा निघाला तर फोनवर वाद घालण्यापेक्षा त्याच दिवशी लेखी कळवा, आणि ‘आवडला नाही’ असे न लिहिता ‘जाहिरातीत १४ इंच, प्रत्यक्षात १२.७५ इंच’ असे लिहा. नापसंतीची तक्रार आणि वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची तक्रार यांचे निकाल वेगळे लागतात. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे दाद मागायलाही हेच फोटो लागतील. मुदत उलटून गेली असेल तर स्प्लिटच्या ग्लोव्हवर नव्या लेसचा खर्च करू नका. नवी लेस जुन्या भोकांतूनच ओवायची असते आणि भुसभुशीत कातड्यात ती भोकेच आधी फाटतात.