स्टॅटबॉटिक्स: पहिल्या पिकला भरवशाचं, दुसऱ्या पिकला अपुरं

एफआरसी, म्हणजे शाळकरी मुलांच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमधल्या संघांसाठीची ही आकडेवारीची साइट फुकट आहे, 2002पासूनचे सीझन तिच्यात आहेत, आणि अलायन्स सिलेक्शनच्या (वरचे आठ संघ प्लेऑफसाठी आपापले दोन जोडीदार उचलतात, तिघांची मिळून एक अलायन्स) आदल्या रात्री तिच्याशिवाय पिकलिस्टला, म्हणजे पसंतीच्या यादीला, बसणं म्हणजे उगाच काम अंगावर ओढून घेणं. पण नुसत्या तिच्या भरवशावर तिसरा रोबो निवडू नये. 2025च्या खेळाचं, रीफस्केपचंच उदाहरण घेऊ.

साइटचा मुख्य आकडा ईपीए, म्हणजे एक रोबो अलायन्सच्या स्कोअरमध्ये साधारण किती गुणांची भर घालतो याचा अंदाज. भाकीत आणि प्रत्यक्ष स्कोअर यांतला फरक दर मॅचनंतर तिघांत वाटला जातो. मागच्या सीझनची पुण्याई जमेस धरलेली असते, त्यामुळे पहिल्या मॅचपासून आकडा वापरता येतो. ब्लू अलायन्स या निकालांच्या साइटवरचा ओपीआर, म्हणजे रोबोच्या गुणांचा दुसरा अंदाज, तसा नाही, तो त्या इव्हेंटच्या स्कोअरवरून समीकरणं सोडवून काढतात. 40 संघ असतील आणि प्रत्येकाच्या तीन मॅचेस झाल्या असतील, तर एकूण 20 मॅचेस, म्हणजे 40 समीकरणं आणि 40 अज्ञात. एका रोबोची बॅटरी सैल झाली तरी निम्मी यादी हलते. पहिल्या दिवशी दुपारी ओपीआर बघून हुरळणारे दर इव्हेंटला भेटतात, त्यांचं ऐकू नका. ईपीएचा दोष उलटा: नवा इनटेक (वस्तू उचलणारा भाग) बसवून सुधारलेला संघ काही मॅचेस मागेच दिसतो.

खरी फसगत बेरजेत होते. कोरल म्हणजे नळ्या, त्या रीफ नावाच्या सांगाड्याच्या फांद्यांवर लावायच्या; एल4 या सगळ्यांत वरच्या पातळीच्या फांद्या फक्त 12. टेलिऑपमध्ये, म्हणजे ड्रायव्हर रोबो चालवतात त्या वेळात, तिथलं कोरल 5 गुणांचं, एल3वरचं 4, एल2वरचं 3. प्रत्येकी सात कोरल एल4ला लावणारे तीन रोबो घेतले तर कागदावर 21 होतात. मैदानावर त्यातली 9 खालच्या पातळीवर उतरतात, आणि कोरल स्टेशनपाशी एकमेकांची वाट अडवण्यात सेकंद जातात ते वेगळेच. शिवाय रीफमध्ये अडकवलेली अल्गी (मोठे चेंडू) काढली नाही तर एल2-एल3च्या काही फांद्या अडलेल्याच राहतात. इथे अल्गी काढून नेटमध्ये 4 गुणांनी टाकणारा रोबो, ईपीएने थोडा खाली असला तरी, जास्त उपयोगाचा. प्रोसेसर या बाजूच्या खिडकीत अल्गी टाकण्याचे 6 गुण बघून मात्र भुलू नका: ती अल्गी समोरच्यांच्या ह्यूमन प्लेअरच्या, म्हणजे मैदानाकडेला उभ्या खेळाडूच्या, हाती जाते, त्याने नेटमध्ये टाकली की त्यांना 4. हाती राहतात 2.

एंडगेमचा, म्हणजे मॅचच्या शेवटी मिळणाऱ्या गुणांचा, रकाना उघडून बघाच, पण तिथेच थांबू नका. समजा आकडा 7 आहे. डीप केजला, म्हणजे खालच्या पिंजऱ्याला, लटकण्याचे 12 आणि नुसत्या पार्किंगचे 2 आलटून पालटून मिळाले की सरासरी 7च येते. दर वेळी शॅलो, म्हणजे वरच्या, केजचे 6 घेणाऱ्याचा आकडाही त्याच्याच जवळ. प्लेऑफमध्ये हे दोन रोबो एकसारखे नव्हेत. सुदैवाने एंडगेम आणि ऑटोमधलं (सुरुवातीच्या स्वयंचलित वेळातलं) लीव्ह, म्हणजे सुरुवातीची रेघ सोडणं, हे अधिकृत निकालात रोबोगणिक नोंदलेलं असतं, तेव्हा ब्लू अलायन्सवर मॅच उघडून डीप किती वेळा जमलं ते मोजता येतं. कोरल मात्र अख्ख्या अलायन्सचं मिळून नोंदलं जातं. कोणी किती लावलं हे कुठलीही साइट गणितानेच सांगणार, खरं उत्तर स्टँडमध्ये बसून मोजणाऱ्यांकडेच.

दुसऱ्या पिकला हीच नोंद कामी येते. पहिली फेरी 1 ते 8 आणि दुसरी 8 ते 1 अशी चालते, म्हणून पहिल्या क्रमांकाच्या अलायन्सला तिसरा रोबो सगळ्यांत शेवटी, म्हणजे 24वा मिळतो, तर आठव्याला दोन्ही पिक लागोपाठ. 24 नावांपर्यंत न पोचणारी यादी अर्धवटच. एवढ्या खाली ईपीएतले एक-दोन गुणांचे फरक निव्वळ गोंगाट असतात. बघायचं ते हे: किती मॅचेसमध्ये रोबो मधेच बंद पडला, डिफेन्स करताना फाउल किती दिले, समोरच्याची कोरलची फेरी किती सेकंदांनी लांबवली. डिफेन्सचं विश्वासार्ह मोजमाप इथे नाही. ब्लू अलायन्सवरचा डीपीआर, म्हणजे समोरच्यांच्या स्कोअरवरून काढलेला बचावाचा आकडा, तोही त्यासाठी कुचकामीच. आणखी एक: नकार देणाऱ्या संघाला नंतर कुणालाच उचलता येत नाही, तो पहिल्या आठांत असेल किंवा वर सरकला तर फक्त कॅप्टन होऊ शकतो. असे संघ यादीत वेगळ्या रंगात ठेवा, साइट ते करून देत नाही.

सिम्युलेशनचा टॅब रँकिंग कुठे जाईल याची बरी कल्पना देतो. शेवटच्या दोन-तीन मॅचेस उरल्या असताना तो बघावा, त्याआधी करमणूक म्हणून.

स्पर्धेच्या ठिकाणी मोबाइल हॉटस्पॉट लावायला नियमाने बंदी आहे, तेव्हा तक्ते आधीच स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. एफटीसी, म्हणजे फर्स्टचीच लहान रोबोंची स्पर्धा, खेळणाऱ्या आपल्याकडच्या संघांना ही साइट उपयोगाची नाही, त्यांनी एफटीसीस्काउटवरचा ओपीआर बघावा. तिथे एका बाजूला दोनच रोबो असतात, त्यामुळे पिक चुकला तर सांभाळून घ्यायला तिसरा नसतो.

पाचपैकी चार.