टॅबवर ठराव लिहायचा तर वर्ड बरं की गूगल डॉक्स?

आमच्या शेतकरी गटाची लिखापढी तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. घाटंजी तालुक्यातलं गाव, घरी कॉम्प्युटर नाही, पोरीच्या अभ्यासासाठी घेतलेला 8.7 इंची टॅब आहे, आणि सभेचं इतिवृत्त, ठराव, सभासदांची यादी हे सगळं मी त्याच्यावरच करतो. आता शेजारच्या गावातल्या गटाचे भाऊ विचारत होते की कोणतं अ‍ॅप ठेवू. मी दोन्ही वापरून पाहिले, बरेच दिवस वापरले, म्हणून लिहितो.

डाउनलोड कसं करायचं, अक्षर ठळक कसं करायचं हे तुम्हाले माहीतच आहे, ते सोडून देतो. मराठी टायपिंगसाठी तर या दोघांची तुलना करायचं कामच नाही, कारण ते काम कीबोर्डचं आहे, अ‍ॅपचं नाही. 'शेतकऱ्यांच्या' लिहिताना साधा र घेतला तर रफार वर चढून 'शेतकर्यांच्या' होते, त्याच्यासाठी नुक्त्याचा ऱ घ्यावा लागते, हे इकडेही तसंच अन् तिकडेही तसंच. बोलून टाइप करायचं तर कीबोर्डवरचा माइक दोन्हीकडे चालते.

गूगल डॉक्सचं मले काय आवडलं ते आधी सांगतो. सेव्ह करायची चिंता नाही, लिहिलं की राहिलं. चार-पाच जणांचा हात लागणार असेल तर त्याच्यासारखं सोपं दुसरं काही मले भेटलं नाही. आमचे अध्यक्ष काकाजी पांढरकवड्याले पोरीकडे होते, हिशेब पाहणारे सर यवतमाळले, अन् मी इथं ओसरीवर. तिघंही एकाच कागदावर, सर बाजूले टिप्पणी टाकत होते की ही रक्कम तपासा, मी तिथंच दुरुस्त करत होतो. जुनं काही पुसल्या गेलं तर मागची आवृत्तीही काढता येते. जागा फुकट 15 जीबी, ती फोटो अन् मेल धरून आहे. वर्डले असं एकत्र काम करायचं तर फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत, टाकावी लागते, तिथं फुकट 5 जीबी. फक्त कागदपत्रं असली तर तेवढी पुरते.

नेटचं म्हणाल तर वीज गेली की आमच्याकडे थोड्या वेळानं रेंजही जाते. डॉक्समध्ये जी फाइल लागणार तिच्यावर 'ऑफलाइन उपलब्ध' आधीच करून ठेवा, नाहीतर वावरात बसून नुसतं नाव पाहत राहाल. वर्डमध्ये मी फाइल टॅबच्याच मेमरीत ठेवतो, ती कुठंही उघडते. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल सरळ उघडली तर ती वाचायपुरती उघडते, तिची प्रत सेव्ह करून घ्या अन् मग हात लावा.

पण माझं मन ज्या गोष्टीवरून ठरलं ती वेगळीच आहे. तालुक्याच्या कचेरीतून नमुना आला होता, त्यांच्या कॉम्प्युटरवर मंगल फॉन्टमध्ये केलेला, वर्डची फाइल (.docx). वर ठरावाचा मजकूर, खाली 31 सभासदांचा तक्ता, नाव, गट नंबर, क्षेत्र, आणि पानाच्या तळाशी अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. मी तो डॉक्समध्ये भरला, दुकानातून प्रिंट काढली, सह्या घेतल्या अन् एसटीनं घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी कागद उलटून पाहिला अन् म्हणाल्या, भाऊ, सह्यांची ओळ दुसऱ्या पानावर एकटीच आहे, वरचा ठराव याचाच हे कशावरून? त्यांचं बरोबरच होतं. मीच प्रिंट नीट पाहिली नव्हती. पण दिवस गेला, अन् तोही पऱ्हाटी वेचायच्या दिवसांतला, घरी बाया लागलेल्या.

नंतर कारण समजलं. फाइलमधला फॉन्ट अ‍ॅपकडे नसला की ते त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट लावते, अन् देवनागरीत वरच्या वेलांट्या, खालचे उकार यांच्यासाठी प्रत्येक फॉन्ट ओळीले वेगळी उंची ठेवते. एका ओळीत केसभराचा फरक, पण 31 ओळींत मिळून सह्या खाली घसरतात. गूगलच्या यादीत मंगल नाही. मुक्ता आहे, हिंद आहे, दोन्ही दिसायले मंगलपेक्षा सुंदर, पण कचेरीच्या नमुन्याले ते काय कामाचे. तीच फाइल घरी येऊन वर्डमध्ये उघडली, प्रिंट लेआउटमध्ये, म्हणजे छापल्यावर दिसेल तशी, पाहिली, तर सह्या जागच्या जागी होत्या. दरवेळी अशाच राहतील असं मी छातीठोक सांगत नाही, माझ्या टॅबवर तरी तेव्हापासून राहिल्या आहेत.

वर्डची एक अट मात्र पैसे टाकायच्या आधी ध्यानात घ्या. 10.1 इंचापर्यंतच्या पडद्यावर त्यात फुकट बदल करता येतात, त्याच्यापेक्षा मोठा टॅब असला की मायक्रोसॉफ्ट 365 चे पैसे भरा, नाहीतर फाइल फक्त वाचा. माझ्या साळ्यानं हौसेनं 11 इंची घेतला, त्याच्यासाठी डॉक्सच बरं, अन् तो डॉक्सवर खुश आहे. नवीन घेणार असाल तर पडदा मोजून घ्या.

कृतिदेव या जुन्या मराठी-हिंदी फॉन्टमधल्या फायलींचं या दोघांकडूनही काही होत नाही. 'ग्राम' लिहिलेलं 'एक्स झेड के ई' असं इंग्रजी अक्षरांत दिसते. ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाइलवर टाइप होते तशा मराठीत, बदलून घ्यावं लागते.

तर भाऊ, तुमचा गट नवीन आहे, तिघं-चौघं मिळून मसुदा करत असाल तर तेवढं काम डॉक्समध्ये खुशाल करा, मीही करतो. पण कचेरीचा नमुना भरून द्यायचा असला, तक्ता असला, खाली सह्या असल्या, तर मी तरी वर्डच उघडतो. अन् दुकानात फाइल नका पाठवू, टॅबवरच पीडीएफ करून पाठवा, फॉन्ट त्याच्यातच बांधल्या जातो. पाठवायच्या आधी शेवटचं पान एकदा उघडून पाहा, सह्यांच्या वर निदान तक्त्याच्या दोन-तीन ओळी दिसल्या पाहिजेत.