'जेकिल आणि हाइड'ची फुकट ई-आवृत्ती : शेवटच्या प्रकरणासाठी घ्यावी का?

डॉक्टर जेकिल औषध पिऊन दुष्ट हाइडचं रूप घेतो, अशी स्टीव्हन्सनची १८८६ सालची ही छोटी इंग्रजी कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर ४३ व्या क्रमांकाला मिळते. बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे चार मराठी वाचक मिळून इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचणार असतील, तर ही प्रत पुरेशी आहे. फोनवर ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवावी. साधी टेक्स्ट फाइल नको, तिच्यातल्या ओळी छोट्या पडद्यावर भलतीकडे तुटतात आणि शेवटच्या प्रकरणातली लांबलचक वाक्यं हातातून निसटतात. प्रस्तावना नाही, टिपा नाहीत. कागदावर वाचायची सवय असलेल्यांनी मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करावी.

प्रकरणं दहा. दहावं म्हणजे जेकिलचं निवेदन, जवळजवळ पाव पुस्तक. मोठ्यानं वाचायला पाऊण तास धरावा. थेट तिथं उडी मारू नये. दार फोडणं आणि हाइडचं प्रेत सापडणं आठव्या प्रकरणातच उरकलेलं असतं, नवव्यात जेकिलचा मित्र डॉक्टर लॅनियन याचं लेखी निवेदन येतं. म्हणजे दहाव्यापर्यंत पोचलेल्या वाचकाला मरण ठाऊक असतं. मेलं नक्की कोण, एवढंच उरतं, आणि लेखकानं ते सर्वनामांवर सोपवलं आहे.

म्हणून पेन्सिल घेऊन बसावं. ईपबमध्ये दोन रंगांच्या खुणा करता येतात: एक 'मी'ला, एक 'तो'ला. सर डॅनव्हर्स कॅर्यू या वृद्ध खासदाराचा खून हाइडच्या रूपात होतो, पण जेकिल तो 'मी' म्हणून सांगतो. प्रत्येक फटक्याचा आनंदसुद्धा 'मी'चाच. पुढे रीजंट्स पार्कात औषध न घेताच रूप पालटतं, पोर्टलंड स्ट्रीटवरच्या हॉटेलात दिवस काढावा लागतो, आणि शेकोटीपाशी नखं कुरतडत बसलेला माणूस एकदम 'तो' होतो. आपल्याला 'मी' म्हणवत नाही, हे निवेदक तिथंच कबूल करतो. खून आपला म्हणता येतो, भेदरलेलं बसणं म्हणता येत नाही. साऱ्या प्रकरणाची किल्ली इथं आहे. लिब्रिव्हॉक्सवर याचं मोफत श्राव्य वाचन आहे, पण ऐकताना ही जागा क्षणात निघून जाते. आधी डोळ्यांनीच वाचावं.

गटात कुणी मराठीत सांगत जाणार असेल, तर इथं हमखास घोटाळा होतो. 'गेलो' आणि 'गेला' यांत माणूस कळतो. 'मारलं' म्हटलं की मीही मारलं आणि त्यानंही मारलं, क्रियापद काही बोलत नाही. आपण बोलताना कर्ता सहज गाळतो, तो या प्रकरणात गाळू नये. कानाला जड वाटलं तरी 'मी' आणि 'त्यानं' प्रत्येक वेळी उच्चारावं.

दुसरा घोटाळा 'सॉल्ट' या शब्दाचा. सांगताना त्याचं 'मीठ' करू नये, तो रूप पालटणाऱ्या औषधातला क्षार आहे. जेकिलनं तो घाऊक रसायनवाल्यांकडून एकदाच भरपूर घेतलेला असतो. साठा संपतो, नवा माल येतो, मिश्रण फसफसतं, पहिला रंग बदलतो, दुसरा बदलत नाही. प्यायल्यावर गुण शून्य. नोकराकडून सारं लंडन धुंडाळून झाल्यावर जेकिल म्हणतो की पहिलाच माल भेसळीचा असणार, आणि ती अनोळखी भेसळच काम करत होती. १९०७ पासून अलेंबिक ही औषध कंपनी असलेल्या बडोद्यात 'बॅच बदलली' म्हणजे काय हे समजवावं लागू नये.

मात्र नाश क्षारामुळेच झाला असं म्हणणं उथळ ठरेल. क्षार संपण्याच्या कितीतरी आधी एका सकाळी जेकिल डोळे उघडतो आणि पांघरुणावर हाइडचा केसाळ, गाठाळ हात दिसतो. औषधाची मात्रा त्याआधीही कधी दुप्पट, एकदा जिवाची जोखीम घेऊन तिप्पट करावी लागलेली असते. हाइड सुरुवातीला अंगानं लहान, कारण ती बाजू फारशी वापरलेली नसते, पण तोही भरत गेलेला असतो. मधले दोन महिने जेकिल निग्रहानं काढतो, आणि मग पुन्हा पेला उचलतो. या जागा सलग वाचल्या की उतरण दिसते.

उरतो दोघांमधला द्वेष. हाइड जेकिलच्याच अक्षरात त्याच्या पुस्तकांवर अभद्र मजकूर खरडतो, वडिलांची तसबीर नष्ट करतो. हाइडला फाशीची धास्ती आहे, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा जेकिलच्या रूपात परतावं लागतं आणि या सक्तीपायी तो द्वेष करतो; जेकिल आपला जीव घेऊन त्यालाही संपवू शकतो, हीसुद्धा त्याला भीती असते. जेकिलला मात्र हाइडच्या या जगण्याच्या हावेची कीव येते. हा परिच्छेद घाईनं वाचू नये.

शेवटचं वाक्य वाचायच्या आधी गटानं थांबावं. तिथं लिहिणारा लेखणी खाली ठेवून त्या दुर्दैवी हेन्री जेकिलचं आयुष्य संपवतो. इतका वेळ 'तो' हाइड होता, आता जेकिलच तिसरा माणूस झाला आणि 'मी' कुणाचाच राहिला नाही. मराठीत सांगताना इतका वेळ जपलेला कर्ता इथं एकदाच गाळून पाहावा. 'जेकिलचं आयुष्य संपवतो.' मी संपवतो की तो संपवतो, क्रियापद तेच.