क्रोमरचे हेन्री ब्लॉग संग्रहालय: तांडेल एक, वल्ही चौदा

इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीतील क्रोमर हे गाव खेकड्यांसाठी ओळखले जाते, आणि नॉर्विचहून पाऊण तासाच्या रेल्वेप्रवासाने तेथे पोहोचणारे बहुतेक पर्यटक खेकडा खाऊन व पिअरवर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावर, एक फेरी मारून परततात. पिअरपासून जवळच, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या फरसबंद उताराच्या पायथ्याशी ‘रॉकेट हाउस’ ही इमारत आहे. तिच्यातील आर.एन.एल.आय. या ब्रिटनच्या सागरी जीवरक्षक संस्थेचे हेन्री ब्लॉग संग्रहालय पाहण्यासाठी मात्र दोन तास हाताशी ठेवावेत, असे मी सुचवेन. प्रवेश विनामूल्य आहे. आर.एन.एल.आय. ही सरकारी संस्था नसून लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात, एवढे ठाऊक असले की दानपेटीसमोर फार विचार करावा लागत नाही.

क्रोमरला बंदर नाही. उघडा किनारा, समोर उत्तर समुद्र आणि काही मैलांवर पाण्याखाली दडलेले हेझबरो सँड्सचे वाळूचे दांडे, अशी येथील रचना आहे. न्यूकॅसलकडून लंडनला कोळसा नेणारी जहाजे याच वाटेने जात असल्यामुळे हा टापू खलाशांमध्ये ‘सैतानाचा घसा’ या नावाने कुप्रसिद्ध होता. गावाने पहिली जीवरक्षक बोट १८०४ मध्ये आणली, म्हणजे आर.एन.एल.आय.ची मूळ संस्था १८२४ मध्ये स्थापन होण्याच्या वीस वर्षे आधी. या संस्थेने क्रोमरचे केंद्र आपल्याकडे घेतले ते १८५७ मध्ये. थोडक्यात, संस्था आली म्हणून गाव समुद्रात उतरले असे नसून गाव आधीपासूनच उतरत होते.

संग्रहालयाचा जीव म्हणजे आत ठेवलेली ‘एच. एफ. बेली’ ही ४६ फुटी मोटार बोट. प्रतिकृती नव्हे, १९३५ ते १९४५ या काळात प्रत्यक्ष कामावर असलेली बोट. लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या देणगीतून क्रोमरला एकामागून एक बोटी मिळाल्या व त्या सर्वांना त्याचेच नाव दिले गेले. ही त्यांतील शेवटची. पुढे ती आयर्लंडमधील हेल्विक हेड येथे गेली, नंतर विकली गेली, आणि १९९१ मध्ये पीटर कॅडबरी यांनी विकत घेऊन गावाला परत दिली. तिच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उभे राहून ६ ऑगस्ट १९४१ ची हकिकत आठवावी. त्या दिवशी युद्धकाळातील एका काफिल्याची सहा जहाजे हेझबरोच्या वाळूवर चढली. त्यांपैकी ‘ऑक्सशॉट’ जवळजवळ पूर्ण बुडाले होते आणि त्यावरील १६ जण धुराड्याला दोर बांधून एकमेकांना धरून उभे होते. बोट बांधायला जागाच उरली नव्हती. तेव्हा बोटीचा प्रमुख हेन्री ब्लॉग याने जहाजाला पडलेल्या भगदाडात बोटीची नाळ घुसवली, इंजिनाच्या जोरावर ती तशीच रेटून धरली आणि माणसे उड्या टाकून बोटीत आली. त्या दिवशी क्रोमर व शेजारच्या केंद्राच्या बोटींनी मिळून ११९ जणांना वाचवले. हे वाचून पुन्हा लाकडाकडे पाहिले की ४६ फूट हे माप एकदम लहान वाटू लागते.

हेन्री ब्लॉग (१८७६-१९५४) हा खेकडे पकडणारा कोळी. तो अठराव्या वर्षी बोटीवर आला, १९०९ मध्ये तिचा कॉक्सवेन झाला आणि १९४७ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, निवृत्त झाला. कॉक्सवेन म्हणजे आपल्या कोकणातल्या बोलीत तांडेल. सुकाणू त्याच्या हाती आणि निर्णयही त्याचाच. ५३ वर्षांत ३८७ मोहिमा, ८७३ माणसांचे प्राण, संस्थेची तीन सुवर्ण व चार रौप्यपदके आणि जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान, ही त्याची नोंद. त्याला पोहता येत नव्हते, हे वाचून मी तो मजकूर दुसऱ्यांदा वाचला.

माझा आक्षेप असेल तर तो संग्रहालयाच्या नावाला. एका माणसाचे नाव दिले की पाहणारा त्या माणसाच्या पदकांपाशीच थांबतो, आणि क्रोमरचा इतिहास तर वल्हेकऱ्यांचा आहे. ९ जानेवारी १९१७ चा दिवस घ्या. तेव्हाची ‘लुइझा हार्टवेल’ चौदा वल्ह्यांची, बिनइंजिनाची बोट होती. गावातील तरुण युद्धावर गेल्यामुळे वल्ह्यांवर उतारवयाची माणसे बसली होती. किनाऱ्यावरून लाटांत बोट ढकलायलाच माणसांची फौज लागत असे. त्यांनी आधी ‘पायरिन’ या ग्रीक जहाजावरची माणसे आणली. ती उतरतात न उतरतात तोच ‘फर्नेबो’ हे स्वीडिश जहाज स्फोटाने दुभंगले. दमलेली तीच माणसे पुन्हा निघाली आणि समुद्राने त्यांना परत फेकले. पुढच्या प्रयत्नात पाच वल्ही मोडली, तीन वाहून गेली. नवी वल्ही घेऊन ते तिसऱ्यांदा गेले आणि रात्री ११ जणांना घेऊन आले. जहाजाच्या छोट्या होडीतून निघालेले सहा जण किनाऱ्याजवळ उलटले, त्यांना सैनिकांनी हाताला हात धरून पाण्यातून ओढून काढले. ब्लॉगला सुवर्णपदक मिळाले. पण संस्थेने त्याच वर्षी सुरू केलेले कांस्यपदक बोटीवरच्या माणसांना मिळाले, आणि माझ्या मते हाच तपशील येथे सर्वांत महत्त्वाचा आहे.

मुले बरोबर असतील तर त्यांना माँटेची गोष्ट जरूर सांगावी. १९३२ मध्ये ‘माँटे नेव्होझो’ हे इटालियन जहाज वाळूवर अडकले. ब्लॉग शेवटी परत गेला तेव्हा जहाजावर माणूस नव्हता, मागे राहिला होता एक मोठा कुत्रा. ब्लॉगने त्याला घरी आणले आणि जहाजाचेच नाव दिले.

संग्रहालयातून निघाल्यावर पिअरच्या टोकापर्यंत चालत जावे. १९२३ मध्ये तेथे बोटघर बांधले गेले आणि बोट थेट खोल पाण्यात घसरू लागली. किनाऱ्यावरच्या त्या ढकलाढकलीतून गावाच्या मुख्य बोटीची सुटका झाली ती तेव्हा. ते जुने बोटघर आता साउथवोल्डला असून तेथे त्यात दुसऱ्या एका जुन्या बोटीचे संग्रहालय आहे. सध्याच्या बोटघरात २००८ पासून ‘लेस्टर’ ही टामार वर्गाची बोट असते. ब्लॉगनंतर त्याचा पुतण्या हेन्री ‘श्रिम्प’ डेव्हिस १९७६ पर्यंत तांडेल होता, आणि त्याच्यामागून पुन्हा एक डेव्हिसच. पिअरवर वारा झोंबणारा असतो, तेव्हा उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी जाड असू द्यावे.