सेल्फला उठते, लगेच झोपते: कार्ब क्लीनरच्या डब्याची परीक्षा

जुनी पेट्रोल गाडी सेल्फला झटकन उठते, दोन-तीन सेकंद धडधडते आणि गप्प होते. ही तक्रार घेऊन पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात की काउंटरवर पहिल्यांदा येतो तो कार्ब क्लीनरचा, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेचा, डबा. ५०० मिलीच्या आसपास माल, साधारण २५० ते ५०० रुपये किंमत आणि बाजूला चिकटवलेली बारीक नळी. जाहिरात सफाईची असते आणि सफाई तो बऱ्यापैकी करतोही. पण पैसे वसूल होतात ते दुसऱ्याच कामात. बिघाड हवेचा आहे, पेट्रोलचा की करंटचा, हे या डब्यावरून दहा मिनिटांत कळतं.

डबा घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. गाडी सुरू होताच अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून धरा. रेस दिल्यावर गाडी चालू राहत असेल आणि पाय उचलताच मरत असेल, तर आयडलच्या (रेस न देता इंजिन चालतं तेव्हाच्या) हवेचा रस्ता चोंदलाय. हे काम डब्याचं. रेस देऊनही मरत असेल तर पेट्रोल किंवा करंट. आणि चावी 'स्टार्ट'वरून 'ऑन'वर सोडताक्षणीच मरत असेल तर इग्निशन स्विचचे पॉइंट तपासा. चावी ऑनवर ठेवून ठिणगीच्या कॉइलला १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने पाहा. येत नसतील तर डबा विकत घेऊच नका.

मुळात गाडी उठते तरी का? सेल्फ मारताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, त्यामुळे इंजिन उठतं. नंतर तो पुरवठा आवरता घेतला जातो. त्या वेळी बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतली हवेची गोल झडप) बंद असते आणि इंजिन आयडल व्हॉल्व्हच्या बाजूच्या बोळातून येणाऱ्या हवेवर जगतं. क्रँककेसच्या तेलकट वाफेने त्या बोळात काजळी साचलेली असते. दहा-पंधरा वर्षं थ्रॉटल बॉडी न उघडलेल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरच्या) मारुती ८००, अल्टो, झेन, सँट्रो यांत हे हमखास दिसतं.

सफाईत या डब्याला दहापैकी आठ गुण. इंजिन थंड हवं. हवेचा पाइप सोडवला की बटरफ्लायच्या कडेला काळं, चिकट कडं दिसतं. फवारा थेट न मारता फडक्यावर किंवा जुन्या टूथब्रशवर मारा आणि दोन्ही बाजूंनी पुसा. केबलवाल्या थ्रॉटलमध्ये बटरफ्लाय हाताने उघडायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल मात्र बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. खरी काजळी आयडल व्हॉल्व्हच्या मागे असते. व्हॉल्व्ह बहुधा दोन स्क्रूंवर बसलेला असतो. काढल्यावर टोक खाली धरा, म्हणजे द्रव मोटरमध्ये उतरणार नाही. टोक हाताने आत ढकलू किंवा बाहेर ओढू नका, नाहीतर एवढ्याशा सफाईपायी नवा व्हॉल्व्ह घ्यावा लागेल. बोळात नळी घालून दोन-तीन फवारे, पाच मिनिटं थांबा, ओ-रिंग तपासा आणि बसवा.

त्यानंतर पहिल्यांदा सेल्फ जास्त मारावा लागतो, थोडा धूरही येतो. घाबरू नका. बॅटरीची निगेटिव्ह १५ मिनिटं काढून परत जोडा. मग एसी बंद ठेवून दहा मिनिटं, एसी लावून पाच मिनिटं गाडी आयडलवर सोडा. बहुतेक जुन्या गाड्यांत ईसीयू एवढ्यात नवी हवा शिकतो. काही मॉडेलांची पद्धत वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये पाहा. इंजिन गरम झाल्यावर ८००-९०० आरपीएमला स्थिर राहायला हवं. राहत नाही म्हणून बटरफ्लायचा स्टॉप स्क्रू पिळणारे मिस्त्री भेटतात. तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. त्याला हात लागला की पुढची प्रत्येक तपासणी फसवी.

आता चाचणीचं काम. इथे डबा दहापैकी नऊ. एकाने सेल्फ मारून हलकी रेस धरायची. दुसऱ्याने, तोंड बाजूला ठेवून, गाडी मरायच्या बेतात आली की थ्रॉटलच्या तोंडाशी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे फवारे द्यायचे. फवाऱ्यावर इंजिन चालतंय आणि फवारा थांबला की मरतंय, याचा अर्थ ठिणगी ठीक, पेट्रोल पोचत नाही. मग चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पेट्रोलच्या पंपाची गुणगुण येते का ऐका. येत नसेल तर रिले पाहा. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले अदलून पाहता येतो. गुणगुण येते पण दाब नाही, तर फिल्टर, नाहीतर थकलेला पंप. अशा बऱ्याच इंजिनांत दाब ३ बारच्या आसपास असतो. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच. मात्र एअरफ्लो सेन्सर (पाइपातून येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत पाइप काढून ही चाचणी करू नका. पाइप काढल्यावर ती तशीही मरते. तिथे मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलपासून इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) बारीक व्हॅक्युम नळीतून फवारा द्या आणि सेन्सरवर हा द्रव अजिबात मारू नका.

व्हॅक्युम गळती, म्हणजे फटीतून आत शिरणारी जास्तीची हवा, शोधायला मॅनिफोल्डच्या गॅस्केटभोवती हलके फवारे मारतात. आवाज बदलला की गळती सापडली. पण एमएपी सेन्सरच्या (हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाड्यांत गळतीने आयडल बहुधा वाढतो. मरणारी गाडी बहुतेक एअरफ्लोवाली. त्यामुळे ८०० किंवा अल्टोमध्ये यावर तास घालवू नका.

कार्ब्युरेटरच्या जुन्या ८०० साठी डबा आणखी उपयोगी. पण आधी फ्युएल कट सोलेनॉइड, म्हणजे करंट मिळाला की पेट्रोलचा रस्ता उघडणारी झडप, तपासा. चावी ऑन, वायर काढून परत टेकवा. 'टक' आवाज आला नाही तर सोलेनॉइड गेला किंवा वायर तुटली. चोकवर चालणारी आणि चोक आत ढकलताच मरणारी गाडी बहुतेक इथेच अडते. टक येत असेल तर पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) काढून नळीने फवारा मारा आणि उजेडात आरपार दिसतंय ना पाहा. तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. म्हणून नळ्या आणि डायफ्रॅमही हात फिरवून बघा.

जिथे डबा सपशेल निकामी ठरतो, तेही सांगायला हवं. शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेल्या जुन्या स्कोडा ऑक्टेव्हियासारख्या गाडीत इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊन सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा तेच, अगदी घड्याळ लावल्यासारखं. दुसरी चावी घालून पाहा. डिझेल गाडीत फवाऱ्याचा प्रयोग करूच नका. ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या) उष्णतेने तो भलत्या वेळी पेटतो.

याऐवजी ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का? तो ज्याला जोडतात ती ओबीडी, म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, भारतात बीएस-४ च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून, तिचा दुसरा टप्पा २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत स्वस्त स्कॅनर बहुधा जोडलाच जात नाही. २०१३ नंतरची गाडी असेल तर मात्र आधी स्कॅनर, मग डबा.

घेताना लेबलवर 'थ्रॉटल बॉडी' आणि 'ऑक्सिजन सेन्सर सेफ' आहे का बघा. नुसता कार्बचा तेज द्रव काही थ्रॉटलवरचा पातळ लेप खातो. निळा-पिवळा साधा डब्ल्यूडी-४० हे वेगळं रसायन, ते तेलकट थर मागे ठेवतं. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरायचाच नाही, तापल्यावर त्याचा विषारी वायू होतो. उत्पादनाची तारीख आणि एमआरपी नसलेला डबा परत करा. काम उघड्यावर, बाजूला अग्निशामक, जवळ विडी-सिगारेट नको. तापलेल्या एक्झॉस्ट (धुराच्या) मॅनिफोल्डवर थेंबही नको. उरलेला डबा डिकीत टाकू नका. ५० अंशांवर तो फुटू शकतो, आणि मे महिन्यात उन्हात उभी गाडी सहज तिथवर तापते.