खरडणारा पार्ट वेगळा, भिजणारा वेगळा: थारसाठी एमएस, जीआय, एसएस की अ‍ॅल्युमिनियम?

ओझरच्या भाच्याने सेकंडहँड महिंद्रा थार जीप घेतली आणि चौथ्याच दिवशी मला सहा फोटो पाठवले. पोटाखालचा गार्ड, रॉक स्लायडर (दारांखाली दगडाचा मार झेलणारे पाइप), फूटस्टेप, वरचा कॅरियर. सगळ्यावर ‘रस्टप्रूफ’ लिहिलेलं. खाली प्रश्न होता, “मामा, एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा सेट घेऊ की पावडर कोटिंगचा?”

मी त्याला उलट विचारलं, “यातलं दगडावर काय घासणार आणि नुसतं भिजणार काय?”

“सगळंच भिजणार की.”

भिजणार सगळंच, पण खरडणार सगळं नाही. दुकानदार अख्खा सेट एकाच धातूचा, एकाच कोटिंगचा दाखवतो. दिसायला तो छान दिसतो. पण गार्डची गरज वेगळी, कॅरियरची वेगळी आणि नट-बोल्टची तर तिसरीच. आपल्या नाशिकमध्ये तर एकच गाडी तीन तऱ्हेचं पाणी पिते. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे गेलात की ओला दगड आणि लाल चिखल, जव्हारमार्गे डहाणूला उतरलात की खारी हवा, आणि घरी आलात की बागेतली काळी माती, खतं आणि औषधं. या तिसऱ्याचा विचार कोणी करत नाही. त्याकडे पुढे येतोच.

पोटाखालचा गार्ड आणि स्लायडर

हे खरडणारे पार्ट. इथे पावडर कोटिंग सगळ्यात देखणं आणि सगळ्यात आधी हरणारं. भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजलेला तो थर असतो ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढा. हरिहरच्या पायथ्याच्या वाटेवर एक धोंडा लागला की आमच्याकडे एप्रिलात वेलींची खरड छाटणी होते तशी त्याची होते. ओरखड्यातून पाणी आत शिरतं आणि थराखालून गंज सरकत जातो. वरून काळं तुकतुकीत, आत पापड. बोटाने दाबाल तेव्हा कळेल.

दुकानदार “अमुक तास सॉल्ट स्प्रे टेस्टेड” म्हणतो. ती चाचणी खरी असते, बंद पेटीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात. पण तुमच्या गार्डवर आधी दगड आपटून मग त्याला त्या पेटीत कोणी ठेवलेलं नसतं.

त्यापेक्षा एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा गार्ड, रेडऑक्साइड मारून वर काळा ऑइलपेंट, हा गरीब पर्याय मला जास्त प्रामाणिक वाटतो. गंज लगेच दिसतो. दिवाळीच्या आधी वायरब्रश मारायचा, ब्रशने दोन हात द्यायचे. पावडर कोटिंगला असं ठिगळ नीट लागत नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा (झिंकचा) थर दिलेलं पोलाद, त्याच्याही पुढे आहे, मात्र अट अशी की ‘झिंक केलंय’ म्हणजे नक्की काय केलंय ते आधी विचारा. प्लेटिंगवाला विजेवर जो झिंकचा थर चढवतो तो बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचा असतो. हॉट-डिप म्हणजे सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खा पार्ट बुडवणं; त्यात ३ मिमीपर्यंतच्या पोलादावर सरासरी ५५ मायक्रॉन आणि त्याहून जाड, ६ मिमीपर्यंत, ७० मायक्रॉन धरतात. शब्द एकच, काम पाचपट. शिवाय जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त तिथे राखण करत राहतं. रंगाला हे जमत नाही.

हॉट-डिपचे दोष दोन. पातळ, मोठा पत्रा त्या उष्णतेत वाकडा होऊ शकतो, म्हणून गार्डला घडी किंवा पट्टी मारलेली हवी. आणि स्लायडरसारख्या बंद पाइपला दोन्ही टोकांना भोकं हवीतच, नाहीतर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन जस्ताच्या टाकीत स्फोट होतो. भोकं नसलेला पाइप गॅल्व्हनाइझिंगवाला घेतच नाही. हीच भोकं पुढे पावसाचं पाणी निघायलाही कामाला येतात. तेव्हा सगळं वेल्डिंग आधी, बुडवणं नंतर. उलट केलंत तर सांध्यावरचं जस्त जळून जातं आणि त्याच्या धुराने वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो तो वेगळाच.

अ‍ॅल्युमिनियमचं कौतुक वजनासाठी. ६० बाय ९० सेंटिमीटरचा गार्ड ३ मिमी पोलादात पावणेतेरा किलोच्या आसपास भरतो, ५ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये सव्वासात. लांबच्या प्रवासाला हे वजन जाणवतं. पण दगडावर पोलाद घसरतं, अ‍ॅल्युमिनियम रुतून बसतं. मऊ धातू, खाचा पडतात. तांबडा गंज धरत नाही हे खरं, पण पोलादी बोल्टभोवती पांढरी भुकटी जमायला लागते. दोन धातू आणि मध्ये ओल, म्हणजे छोटी बॅटरीच. नायलॉनचे वायसर घातल्याशिवाय लावू नका.

एसएस म्हणजे कुठलं?

फूटस्टेप आणि कॅरियर हे भिजणारे पार्ट. इथे एसएस शोभतं आणि टिकतं, फक्त ते खरं एसएस असायला हवं.

माझ्या पहिल्या जीपला मी हौसेने ‘३०४ स्टेनलेस’चे फूटस्टेप लावले होते. दुकानाचं नाव सांगत नाही. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, मी खूश. पहिल्याच पावसाळ्यानंतर चहाचे डाग पडावेत तशी तांबूस नक्षी उमटली. तेव्हा कळलं की चुंबकाची परीक्षा अर्धवट आहे. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०० मालिकेतलं स्वस्त स्टेनलेस निकेल वाचवून मँगनीज घालतं, आणि तेही चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे चुंबक तुम्हाला फक्त ४३० सारखं चिकटणारं स्टेनलेस पकडून देतो, २०२ ला सोडून देतो. भंगारवाल्यांकडे आणि भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे एक टेस्टिंगचं लिक्विड असतं. थेंब टाकून नऊ व्होल्टच्या बॅटरीने करंट दिला की मँगनीजवाल्यावर लाल रंग येतो. सातपूर-अंबडच्या कुठल्याही मोठ्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा. बिलावर ‘एसएस’ एवढंच लिहून देणाऱ्याकडून घेऊ नका, ‘३०४’ लिहायला लावा.

खरं ३०४ सुद्धा समुद्राला पुरतंच असं नाही. क्लोराइडने त्याला सुईच्या टोकासारखे खड्डे पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते तिथे उपयोगी. वर्षातून दोनदा डहाणूला जाणाऱ्याने ३१६ चे पैसे घालू नयेत, परत आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवावं.

मोरचूद

आता घरचा शत्रू. द्राक्षवाल्याला तांबेरा पानावरचा माहीत असतो, गाडीवरचा आपण स्वतःच आणतो.

बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक, तयार झालं की आपण त्यात विळा बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसलं आणि तेवढं लोखंड पाण्यात गेलं. अगदी हेच तुमच्या कॅरियरवर होतं, पिकअपच्या हौद्यात होतं. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम तर लोखंडापेक्षाही लवकर बळी पडतात. म्हणून मोरचूद कधी जीआयच्या बादलीत भिजवत नाहीत, प्लास्टिकचाच ड्रम घेतात. जी बादलीची गोष्ट तीच गाडीची. ज्याच्या गाडीतून औषधाचे ड्रम आणि फवारणीचा गळका ब्लोअर फिरतो, त्याच्यासाठी वर ज्याची मी एवढी तारीफ केली ते जीआय आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही मागे पडतात. त्याने रंगवलेला एमएस घ्यावा आणि वर जाड प्लास्टिकचा ट्रे टाकावा.

पोटॅशचंही तसंच. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, समुद्राच्या मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फुटून कोपऱ्यात सांडलेलं पोटॅश दवाने ओलं झालं की ३०४ लाही डाग पाडतं. आणि काळी माती? ती स्वतः काही खात नाही, पण चेसिसच्या पोटात जाऊन बसली की ओल सोडत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, निफाडला त्याच्या मानाने काहीच नाही, तरी आमच्याकडच्या गाड्या खालून सडतात त्या या मातीमुळे.

नट-बोल्ट

लोक हजारो रुपयांचा गार्ड घेतात आणि बोल्ट सोबत आले तेच लावतात. मोठा एसएसचा पत्रा आणि त्याला छोटा साधा बोल्ट ही सगळ्यात वाईट जोडी. झीज सगळी त्या बिचाऱ्या बोल्टवर येते.

मग सगळीकडे एसएसचेच बोल्ट? अजिबात नाही. एसएस बोल्टच्या डोक्यावर ‘ए२-७०’ असतं, म्हणजे ताकद ७०० मेगापास्कल. ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टची ८००, १०.९ ची १०००. कॅरियरला, फूटस्टेपला, नंबरप्लेटला एसएस चालेल. सस्पेन्शन, सीटबेल्ट आणि गाडी ओढायचा हुक यांना कंपनीच्या ग्रेडचाच बोल्ट. आणि १०.९ किंवा वरचे बोल्ट गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे चमकवायला देऊ नका. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि भारी बोल्ट काचेसारखा तडकू शकतो. अशा बोल्टना झिंक-फ्लेकचा राखाडी थर असतो, दिसायला मळका, पण तोच घ्या. एसएसवर एसएसचा नट सुका आवळलात तर आटे जाम होऊन बोल्ट कापावा लागतो, आटे जाम होऊ न देणारी अँटी-सीझ पेस्ट लावा.

बाकीचं पटकन

स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) प्लास्टिकचं असतं, गंजतात ते त्याचे क्लॅम्प. अडकलेली गाडी ओढणाऱ्या विंचला पोलादी दोरापेक्षा सिंथेटिक दोर हलका आणि तुटला तर कमी घातक, पण उन्हात आणि वाळूत झिजतो, झाकून ठेवा. अंडरबॉडी कोटिंग डांबरी घेतलंत तर आधी खालचा भाग धुऊन पूर्ण सुकवा. ओल्या मातीवर मारलेलं कोटिंग म्हणजे गंजाला गोधडी. चेसिसच्या पोकळीत मेणाचं कोटिंग चांगलं. पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका, समोर उभं राहून बघा.

पुढचा जाडजूड बुल बार कुठल्याच धातूत घेऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला लिहिलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. एअरबॅगच्या सेन्सरचं गणित त्याने बिघडू शकतं, आणि समोर पायी चालणारा आला तर त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

भाच्याने शेवटी सेट सोडला. स्लायडर हॉट-डिप, भोकं पाडून. गार्ड एमएसचा, ऑइलपेंटचा, म्हणजे दिवाळीला मीच ब्रश घेऊन जाणार. फूटस्टेप ३०४ चे, बिलावर लिहून घेतलेले. कॅरियर मात्र लटकला आहे, कारण त्याच्या वडिलांना त्यावरून औषधाचे ड्रम न्यायचे आहेत. “मामा, तुम्ही बोला ना दाजींशी,” असं म्हणतोय. बोल्टांचं मी बोलेन, ड्रमचं त्याचं त्याने बघावं.