दादरच्या स्मरणशक्ती वर्गाचा अनुभव

पाठ केलेला इतिहास चार दिवसांत विसरल्याने दहावीतली माझी मुलगी खचत असे, म्हणून तिला दादर पश्चिमेच्या एका स्मरणशक्ती वर्गात घातले. शिकलेले सुरुवातीलाच सर्वाधिक वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले होते. त्याच आधारावर धडा वाचून पुस्तक मिटायचे, आठवेल ते लिहायचे आणि पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी पुन्हा तसेच करायचे, ही सवय शिक्षिकांनी नेटाने लावली. माझ्या मते वर्गाचे खरे मोल यातच आहे. आता लोकलमध्येही ती वही न उघडता सनावळी आठवून पाहते. शब्द एका कथेत गुंफून लक्षात ठेवायची, म्हणजे गोष्टींच्या साखळीची युक्ती मात्र याद्यांपुरतीच उपयोगी पडते. चाळीस मुलांत शंकांना वेळ मिळत नाही, ही उणीवही गंभीर आहे.